नाव एक, खाती दोन



दर अंकात या पानावर मी बेणे, खते, खोडवा, नाही तर हुमणी याविषयी लिहीत असतो. यावेळी विषय जरा वेगळा आहे. विषय आहे आपल्या नावाचा, आणि आपलेच नाव दुसऱ्या कुणाचेही असते तेव्हा काय होते याचा.

कृषी पदविका घेऊन शेतकी खात्यात लागलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. या काळात माझ्या हाताने सर्वांत जास्त वेळा काय लिहिले असेल, तर माणसांची नावे. माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूकही नावाच्याच बाबतीत झाली. ती आज मोकळेपणाने सांगतो. लागणीच्या नोंदीचे दिवस जवळ आले आहेत, आणि तशी चूक पुन्हा होऊ नये असे मनापासून वाटते.

दोन गावे, एक नाव

गोष्ट २००६-०७ च्या हंगामातली. मी तेव्हा गट कार्यालयात नवा होतो. मोटारसायकलवरून गावोगाव फिरायचे, बांधावर उभे राहून लागणीची नोंद खिशातल्या वहीत घ्यायची आणि संध्याकाळी ती कार्यालयातल्या मोठ्या रजिस्टरवर चढवायची, असे काम होते.

माझ्या गटात शेजारशेजारची दोन गावे होती. वरच्या गावात एक सभासद आणि खालच्या गावात एक सभासद. दोघांचे नाव एक, वडिलांचे नाव एक, आडनावही एक. भावकी नाही, सोयरीक नाही, तोंडओळखसुद्धा नाही. त्यांचे नाव इथे छापत नाही. छापले तर आपल्या कार्यक्षेत्रातले पाच-सहाजण तरी "साहेब, माझ्यावर लेख लिहिला का?" म्हणून विचारायला येतील. वरच्या गावातल्यांना सारे गाव तात्या म्हणायचे, खालच्या गावातल्यांना अण्णा. आपणही तेच म्हणू.

तात्यांची आडसाली लागण होती, जुलै २००५ ची, एक एकर दहा गुंठे. अण्णांची सुरू लागण, जानेवारी २००६ ची, तीस गुंठे. रजिस्टरवर नोंद चढवताना माझ्या हातून तारखांची अदलाबदल झाली. तात्यांच्या नावापुढे जानेवारी आणि अण्णांच्या नावापुढे जुलै. वहीत दोन्हीकडे नाव तेच, त्यामुळे परत वाचूनही चूक डोळ्यांना दिसली नाही.

ऊसतोडीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर चालतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. हंगाम सुरू झाला आणि नोव्हेंबरातच अण्णांना तोड आली. ऊस दहा महिन्यांचा. अण्णांना नवल वाटले, पण लवकर तोड मिळाली तर नको कोण म्हणेल? कारखान्याची मर्जी झाली, असे समजून त्यांनी टोळी शेतात घातली. कोवळा ऊस, वजनाला हलका. अठ्ठावीस टनांची आशा होती, तो वीस टनांवर आटोपला.

इकडे तात्या वाट बघत राहिले.

"ऊस म्या लावला का वहीनं?"

त्या हंगामात राज्यभर ऊस उदंड झाला होता. सगळीकडे तोडीची ओढाताण. गट कार्यालयात सकाळपासून माणसांची रांग. डिसेंबरात तात्या आले. माळकरी माणूस, बोलणे मोजके. म्हणाले, "साहेब, माझी आडसाली हाय. सोळा महिनं उलटून गेलं."

मी रजिस्टर उघडले, नाव काढले आणि बोट ठेवून दाखवले. "तात्या, तुमची नोंद जानेवारीची आहे. तुमचा नंबर फेब्रुवारीनंतर."

"जानेवारी न्हाई. आखाड सरला आन लावलाय."

"पण वहीत जानेवारी आहे."

तात्या थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, ऊस म्या लावला का वहीनं?"

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. आता वाटते, तेव्हा हसायला नको होते. लगेच गाडीला किक मारून शेतावर जायला हवे होते. कांड्या मोजल्या असत्या तरी पाच मिनिटांत वय कळले असते. पण रोज दहा-वीसजण येऊन माझा ऊस आधी तोडा म्हणत होते. प्रत्येकाचे काही ना काही कारण असायचे. तात्यांचे म्हणणे मी त्यातच जमा धरले. जानेवारीत ते दोनदा आले, आणि मी दोनदा तीच वही दाखवली.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या कामासाठी त्यांच्या शिवारात गेलो होतो. वाटेवर त्यांचा ऊस दिसला. ऊस लोळलेला, कांड्यांना पांगशा फुटलेल्या, बुडख्यात उंदरांनी पोखरलेले. एक ऊस मोडून पाहिला तर आत दशी. तेरा महिन्यांचा ऊस असा नसतो, हे पदविकेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. बांधावरच बसून खिशातली जुनी वही काढली. तिथे माझ्याच अक्षरात बरोबर लिहिले होते : वरचे गाव, जुलै. खालचे गाव, जानेवारी.

चार दिवसांत तात्यांना तोड दिली. साठ टनांच्या आशेचा ऊस सत्तेचाळीस टन भरला. दोन घरांचे नुकसान झाले, आणि कारण काय, तर दोघांच्या आई-बापांनी बारशाला एकच नाव ठेवले आणि माझी नजर चुकली.

तेच नाव पुन्हा पुन्हा का येते?

त्यानंतर मला नावांकडे बघायची सवयच लागली. सभासदांची यादी वाचताना लक्षात येते की आपल्याकडे नावे गावाच्या देवावरून ठरतात. जोतिबाच्या वाटेवरच्या गावांत जोतीराम. खंडोबाचे कुळ असेल तिथे खंडू, खंडेराव आणि मल्हारी. बिरोबाच्या देवळाभोवती बिरू आणि बिरा, भैरोबाच्या गावात भैरू. पंढरीची वारी तर साऱ्या महाराष्ट्राची, म्हणून पांडुरंग, विठ्ठल, तुकाराम, नामदेव आणि ज्ञानदेव कोणत्याही गावच्या यादीत सापडतात.

दुसरे म्हणजे आज्याचे नाव नातवाला. आजोबा गेले की घरात पुढचा मुलगा जन्मतो तो त्यांचे नाव घेऊन. म्हणून एकाच घरात एक पिढी सोडून तेच नाव येते, आणि सातबाऱ्यावर आजोबांचे नाव राहिले असेल तर नातवालाही ते आपलेच वाटते.

तिसरी गोष्ट दुःखाची आहे. पूर्वी मुले जगत नसत, तेव्हा पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये, देवाने नेऊ नये, म्हणून दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावे ठेवत. त्या पिढीचे दगडू आणि धोंडू गावोगाव होते. एकमेकांना न ओळखणाऱ्या आयांच्या पोटी एकच भीती होती, म्हणून नावही एकच आले. मुलींच्या बाबतीत तर याहून वाईट झाले. मुलगी नको म्हणून तिचे नावच नकुशी किंवा नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. एवढ्या मुली, एकमेकींना कधी न भेटलेल्या, आणि सगळ्यांना एकाच शब्दाने हाक मारली जात होती. ते नाव ठेवताना कुणी त्या मुलीकडे पाहिलेच नव्हते.

आडनावांचेही तसेच. पाटील हे मुळात पद. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, पण आडनाव राहिले. एका गावचे पाटील आणि दुसऱ्या गावचे पाटील यांचा नात्याने संबंध असेलच असे नाही. यादीत मात्र सगळे एकाखाली एक.

गावाने काढलेली वाट

मग इतकी वर्षे गावांचे कसे भागले? गावाने आपली वाट आपणच काढली. तात्या, अण्णा, आबा, बापू, नाना ही हाक त्यासाठीच. सासऱ्याचे नाव मुलाला ठेवलेले असले तर सुनेने ते घ्यायचे कसे? म्हणून ती लेकाला बाळू, बापू म्हणते, आणि तेच पुढे साऱ्या गावाचे होते. एवढ्याने भागले नाही तर मळ्यातला, ओढ्याकाठचा, चावडीमागचा, पैलवान, मास्तर असे काहीतरी पुढे लागते. गावात शेंबड्या पोरालाही पत्ता विचारा, ते बरोबर घरी नेऊन सोडते. पण यातले काहीच आपल्या रजिस्टरात नसते. तात्या हे नाव सगळ्या गावाला माहीत, फक्त कारखान्याला माहीत नाही.

बायाबापड्यांची अडचण आणखी वेगळी. एकदा एक आजी मालकांच्या नावच्या बिलाची चौकशी करायला आल्या. मी नाव विचारले. म्हणाल्या, "नाव कसं घिऊ लेकरा? पंढरीच्या देवाचं हाय." मी विठ्ठल शोधत बसलो, नोंद होती पांडुरंगाची! दुसरे असे की लग्नात पुष्कळ ठिकाणी मुलीचे पहिले नावसुद्धा बदलतात. मग माहेरच्या जमिनीवर एक नाव, आधारवर दुसरे, आणि बँकेत तिसरे. तिकडे दोन माणसांचे एक नाव, इकडे एका बाईची तीन नावे. कागदावर तीच तिला अनोळखी होते. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचे नावही आवश्यक केले आहे. स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. त्याने आईचा मान झालाच, शिवाय पुढच्या पिढीतले सारख्या नावांचे घोळही कमी व्हावेत.

माणसांचेच कशाला, गावांची नावेही सारखीच. त्यावर जुन्या लोकांनी बुद्रुक आणि खुर्द हा तोडगा काढला. हे शब्द फारसीतले. बुजुर्ग म्हणजे मोठा, त्याचे बुद्रुक झाले. खुर्द म्हणजे लहान. आपण रोज हे शब्द बोलतो, पण ते सारख्या नावांच्या गावांतला फरक दाखवण्यासाठी आले, हे ध्यानात राहत नाही.

संतांनाही यातून सुटका नाही. नामदेव महाराजांच्या (१२७०–१३५०) नंतर, एकनाथांच्या काळात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले. दोघेही आपल्या रचनेत नामा हीच मुद्रा घालत. परिणामी यांच्या रचना त्यांच्या नावावर गेल्या, आणि त्या वेगळ्या करताना अभ्यासकांना घाम फुटला. राजांचेही तेच. साताऱ्याचे छत्रपती शाहू १७४९ मध्ये निवर्तले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ ते १९२२ या काळातले. त्यांचे मूळ नाव यशवंतराव, कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ मध्ये दत्तक गेल्यावर शाहू हे नाव मिळाले. शाळेतली पोरे अजूनही एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर लिहितात. पण राजर्षींनी मोठ्या घराण्याचे ते नाव नुसते घेतले नाही, स्वतःच्या कामाने त्या नावाला आणखी एक अर्थ दिला. जुने नाव मिळाले म्हणजे जुना माणूस होत नाही, हे त्यावरून दिसते.

आकड्यांनी काढलेली वाट

कागदोपत्री कामाला गावची हाक चालत नाही. तिथे आकडा लागतो. टपालाचेच बघा. देशात एकाच नावाची गावे ढिगाने, त्यात प्रत्येक भाषेतले लिहिणे वेगळे. पत्रे भलतीकडे जात. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड आला. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, आणि संस्कृत कवी. कवी माणसाने गावांना आकडे दिले, याची मला मोठी गंमत वाटते. आधारचा बारा आकडी क्रमांक देशात पहिल्यांदा दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी.

उसात तर आपण हे फार आधीपासून करत आलो. को ८६०३२ ही जात घ्या. 'को' म्हणजे कोइमतूर, ८६ हे साल आणि ०३२ हा त्या सालातला क्रमांक. १९९६ साली ती आपल्याकडे 'नीरा' या नावाने प्रसारित झाली. पण बांधावर 'नीरा' किती जण म्हणतात? सगळे आकडाच सांगतात. कोएम ०२६५ मधला 'एम' महाराष्ट्राचा. 'फुले २६५' हे तिचे नाव, आणि आपल्या तोंडी नुसते "दोनशे पासष्ट". जातीच्या आकड्यात घोटाळा होत नाही. ८६०३२ म्हटले की एकच जात.

याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. ऊस आपण बियांपासून लावत नाही, कांडीपासून लावतो. एका कांडीपासून फुटलेला ऊस, त्याची कांडी पुन्हा दुसऱ्या शेतात. म्हणजे साऱ्या महाराष्ट्रातला ८६०३२ हा मुळात एकच ऊस आहे, हजारो शेतांत वाढलेला. म्हणून त्याला एक नाव शोभते. माणसाचे तसे नाही. नाव एक असले तरी प्रत्येकाचे बेणे वेगळे.

वरच्या गावाहून खालच्या गावी

आता पुन्हा तात्या-अण्णांकडे वळू. माझी चूक मी वरिष्ठांना सांगितली. ते म्हणाले, "वही दुरुस्त करशील, माणसांचं काय? दोघांच्या घरी जाऊन ये."

तात्यांच्या दारात गेलो. चूक कबूल केली, माफी मागितली. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या नावाचा त्यो गडी हाय तरी कसा? बघू तरी." त्यांना मागे बसवून खालच्या गावी निघालो. वाटेत मनात धास्ती होती. दोघे मिळून आता मला बोलणार.

अण्णा अंगणातच होते. मोठा बोलका माणूस, तमाशाचा शौकीन, तात्यांच्या अगदी उलट. ओळख करून दिली तसे हात जोडून म्हणाले, "या तात्या. नाव माझंच हाय न्हवं तुमचं? मग घर बी तुमचंच."

तात्या म्हणाले, "घर ऱ्हाऊ दे. तुझ्या तारखेनं माझा ऊस वाळवला."

"आन तुमच्या तारखेनं माझा कवळा तोडला की!"

दोघेही हसले. वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "ह्यांचं नाव म्या कधी तोंडानं घेतलं न्हाई, पण त्या नावाच्या पावण्याला च्या देते." मी मान खाली घालून बसलो होतो. दोघांनी मला एक शब्द लावला नाही, त्यामुळे जास्तच लागले.

बोलता बोलता अण्णा म्हणाले, "दहा महिन्यांचा ऊस गाळपाला वाया गेला, पर बेण्याला तर ह्योच वक्त असतो न्हवं, साहेब?" अगदी बरोबर. नऊ ते अकरा महिन्यांचे बेणे उगवणीला उत्तम. पुढच्या वर्षी अण्णांनी मुद्दाम बेणे मळा केला आणि त्यातून तात्यांना बेणे दिले. पैसे घेतले नाहीत.

मग माझ्या गटात असा प्रकार झाला की एकाच नावाचे दोन शेतकरी, आणि दोघांच्या शेतात एकच बेणे. तरी टनेज एक आले का? नाही. तात्यांची जमीन भारी काळी, पाणी जपून देणारा हात. अण्णांची हलकी, ओढ्याकाठची, पण शेणखत भरपूर. पहिल्या वर्षी तात्या पुढे, खोडव्याला अण्णा पुढे. दोघेही दरवर्षी वजनाच्या पावत्या घेऊन गट कार्यालयात यायचे आणि मला मध्ये बसवून हिशेब करायचे.

मला तेव्हा सामाईक विहिरीची आठवण व्हायची. एका विहिरीवर चार खातेदारांची नावे असतात. पाणी तेच, पण कुणी त्यावर ऊस करतो, कुणी भाजी, कुणाचे रान पडीक राहते. विहीर कुणा एकाची नाही म्हणून ती कमी आपली होत नाही. पण एकाने तिच्यात घाण टाकली तर सगळ्यांचे पाणी नासते. नावाचेही तसेच आहे. माझ्याच नावाचे एक गृहस्थ शेजारच्या तालुक्यात कृषी खात्यात आहेत. अनुदानाचे त्यांचे फोन कधी कधी मला येतात. कुणी त्यांच्याविषयी चांगले बोलले की उगीचच बरे वाटते.

सभासदांना विनंती

आज आपल्याकडे संगणक आहे, सभासद क्रमांक आहे, मोबाईलवर नोंदीचा संदेश येतो. म्हणून पूर्वीसारखा घोळ सहसा होत नाही. पण एक धोका वाढलाही आहे. पूर्वी आम्ही म्हणायचो, "वहीत तसे नाही." आता म्हणतो, "संगणकात तसे नाही." वहीशी भांडता तरी यायचे! क्रमांकाने खाते ओळखता येते, माणूस नाही. तो शेतावर गेल्याशिवाय कळत नाही, हे मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. आपल्यालाही काही विनंत्या आहेत.

१. लागणीची नोंद देताना स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव पूर्ण सांगा. सोबत गावाचे नाव बुद्रुक-खुर्दसह, जमिनीचा गट नंबर आणि सभासद क्रमांक सांगा. गावात ज्या नावाने ओळखतात तेही सांगा. आम्ही शेऱ्यात लिहून घेऊ.

२. नोंदीची पावती किंवा संदेश आला की लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र तिथल्या तिथे वाचा. वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या.

३. आपल्या नावाचा दुसरा सभासद आहे हे माहीत असेल तर आधीच कळवा. दोघांनी एकमेकांचे फोन नंबर घेऊन ठेवा.

४. सातबारा, आधार, बँक पासबुक आणि सभासद दाखला यांवर एकच नाव, एकाच शुद्धलेखनाने आहे ना, ते पहा. उसाचे बिल १४ दिवसांत देण्याचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण नाव जुळले नाही तर बँकेत रक्कम अडकते. माहेरच्या जमिनीवर ऊस असलेल्या भगिनींनी हे मुद्दाम तपासावे.

५. वारस नोंद लांबवू नका. गेलेल्या माणसाच्या नावावर ऊस घालत राहिले, तर पुढे त्याच नावाच्या नातवाला आपण कोण हे सिद्ध करत बसावे लागते.

६. आणि आमचा माणूस "वहीत तसे नाही" म्हणाला, तर त्याला शेतावर घेऊन जा. तो आपला हक्क आहे.

दोन मिनिटे

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी तात्या वारले. त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रथेप्रमाणे दिवंगत सभासदांची नावे वाचण्यात आली. मी मंडपाच्या कडेला उभा होतो. अण्णा चौथ्या-पाचव्या रांगेत बसले होते. वाचता वाचता ते नाव आले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. गावाचे नाव नव्हते. अण्णांच्या आजूबाजूच्या चार-दोन माणसांनी दचकून त्यांच्याकडे पाहिले. एकजण तर हसूही लागला होता. अण्णा काही बोलले नाहीत. सर्वांबरोबर उठले आणि दोन मिनिटे मान खाली घालून उभे राहिले. स्वतःच्याच नावाला श्रद्धांजली वाहणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

सभा संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. गावाचे नाव वाचायला हवे होते, पुढच्या वेळी लक्ष ठेवतो, असे म्हणालो. अण्णा म्हणाले, "नाव ऐकलं तवा छातीत धस्स झालं, साहेब. मग म्हणलं, त्यो गेला, पर नाव चालवाया म्या हाय की अजून. आता जरा जपून वापराय पायजे. दोघांचं हाय."

त्या वर्षापासून आपल्या सभेत दिवंगतांचे नाव गावासह वाचले जाते.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी